करंट लिमिटचा माग काढताना: इलेक्ट्रॉनिक लोड की साधे रेझिस्टर?

स्टेप-डाउन पॉवर सप्लायचा इव्हॅल्युएशन बोर्ड अपेक्षेपेक्षा लवकर करंट लिमिटमध्ये (जास्त करंट ओढला जाऊ नये म्हणून बोर्ड स्वतःला आवरतो त्या मर्यादेत) जाऊ लागला, तर तो तपासण्यासाठी आउटपुटला काय जोडावे, इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा करंट ओढण्यासाठी सेट करता येणारे उपकरण) की हीटसिंकवर बसवलेले वायरवाउंड रेझिस्टर, हा प्रश्न छोट्या प्रयोगशाळेत खरेदीच्या वेळी हमखास निघतो. मी दोन्ही वापरतो. बहुतेकांचा कल पहिल्याकडे असतो आणि त्याला सबळ कारणेही आहेत, परंतु केवळ याच कामापुरते विचाराल तर माझा हात आधी रेझिस्टरकडे जातो.

इलेक्ट्रॉनिक लोडचे श्रेय आधी दिले पाहिजे. लिमिट नेमके किती अँपिअरला लागते हे शोधायचे असेल, तर करंट अगदी बारीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याची सोय रेझिस्टरमध्ये नाही. आकडा समोर दिसतो, गरम होऊन मूल्य सरकण्याची चिंता नसते आणि लोडमध्ये एकदम उडी देऊन बोर्ड कसा सावरतो तेही पाहता येते.

अडचण बोर्ड चालू करताना येते. कॉन्स्टंट करंटवर, म्हणजे व्होल्टेज काहीही असले तरी ठरलेलाच करंट ओढण्यावर ठेवलेला लोड आउटपुट शून्य असतानाही ठरवलेला करंट मागतच असतो. तो मिळत नसल्यामुळे त्याच्या आतला मॉसफेट (करंट कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर) पूर्ण उघडून बसतो, म्हणजे बोर्डच्या दृष्टीने तो जवळपास शॉर्टच असतो. आउटपुट उचलू लागताच लोडचे नियंत्रण भानावर येईपर्यंत क्षणभर ठरवल्यापेक्षाही जास्त करंट ओढला जातो. बोर्ड हिकप मोडचा, म्हणजे लिमिट लागली की बंद होऊन थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणारा असेल, तर ऑसिलोस्कोपवर आउटपुट एखाद-दीड व्होल्ट चढते, कोसळते, काही वेळ सपाट राहते आणि पुन्हा चढू पाहते. इंडक्टरमधून (बोर्डवरच्या कॉइलमधून) त्याच तालात टिक-टिक ऐकू येते. पाहणाऱ्याला वाटते की बोर्ड ३ अँपिअर देत नाही. तोच बोर्ड लोडविना चालू करून मग ३ अँपिअरचा लोड लावला, तर तक्रार न करता चालतो.

हिशेब मांडून पाहावा. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ५०० किलोहर्ट्झचे स्विचिंग, ४.७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर अशी रचना धरली, तर इंडक्टरमधील रिपल (करंटचा चढ-उतार) सुमारे १.२४ अँपिअर येतो. लिमिट इंडक्टरच्या शिखर-करंटवर लागते, आउटपुट करंटवर नाही, त्यामुळे ४.५ अँपिअरच्या लिमिटमधून रिपलचा निम्मा भाग वजा जाऊन आउटपुटला ३.९ च्या आसपासच उरतात. आउटपुटवर ४७० मायक्रोफॅरड असतील आणि सॉफ्ट-स्टार्ट (आउटपुट हळूहळू चढवण्याचा काळ) २ मिलिसेकंदांचा असेल, तर कपॅसिटर भरायलाच जवळजवळ १.२ अँपिअर लागतात. त्यात कॉन्स्टंट करंटचे ३ मिळवले की चढाच्या बऱ्याच भागात मागणी मर्यादेबाहेर राहते आणि हिकपचा टाइमर संपायला पुरेसा वेळ मिळतो. रेझिस्टर मात्र अडीच व्होल्टला दीड अँपिअरच घेतो, त्यामुळे ओढाताण होते ती शेवटच्या अर्ध्या व्होल्टापुरती, आणि तेवढी बहुतेक बोर्ड निभावून नेतात. बोर्डवरचा खरा लोड यांपैकी कोणासारखा वागणार, हे ज्याने त्याने पाहावे. मला तरी चालू होतानाच पूर्ण करंट मागणारी सर्किटे क्वचितच भेटली आहेत.

यावर कोणी म्हणेल की इलेक्ट्रॉनिक लोड कॉन्स्टंट रेझिस्टन्सवर, म्हणजे रेझिस्टरसारखा वागेल असा ठेवावा. ठेवावा, पण अनेक लोडांत तो रेझिस्टन्स खरा नसतो. व्होल्टेज मोजून करंट ठरवणारे ते नियंत्रणच असते आणि दोन मिलिसेकंदांच्या चढात ते मागे पडू शकते. काही लोडांत ठरावीक व्होल्टेज आल्यानंतरच करंट ओढायला सुरुवात करण्याची सोय असते, ती खरोखर उपयोगी आहे. शिवाय लांब तारांचा प्रश्न राहतोच: मीटरभर तारेला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो आणि तो लोडच्या नियंत्रणाशी मिळून आंदोलने उभी करू शकतो. तारा पिळून आखूड ठेवल्या की बराच फरक पडतो.

रेझिस्टरच्या उणिवा उघड आहेत. ५ ओहमचे, ५० वॅटचे, अॅल्युमिनियमच्या कवचातले तीन नग समांतर जोडले की ५ व्होल्टला ३ अँपिअर होतात आणि प्रत्येकाला स्विच दिला की एकेका अँपिअरची पायरी मिळते. त्याहून बारीक काम होत नाही. आउटपुट व्होल्टेज बदलले की सगळा संच नव्याने जमवावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असे नग सहज मिळतात, त्यामुळे खर्चाची बाब नाही, खटाटोपाची आहे.

दोन्हींपैकी काहीही जोडले तरी इनपुटच्या बेंच सप्लायकडे (बोर्डला वीज देणाऱ्या टेबलावरच्या सप्लायकडे) आधी पाहावे. त्याचीच करंट मर्यादा लागली, तर व्होल्टेज खाली येते, बोर्ड तेवढीच पॉवर काढण्यासाठी आणखी करंट मागतो आणि शेवटी अंडरव्होल्टेज लॉकआउटमुळे (इनपुट फार खाली आले की बोर्ड बंद करणाऱ्या संरक्षणामुळे) बंद-चालू होऊ लागतो. हे चित्र हिकपसारखेच दिसते. इंडक्टरच्या आउटपुटकडील टोकाशी तारेचा छोटा फास घालून करंट प्रोब लावला आणि करंटच्या त्रिकोणी आकृतीचा चढ शेवटी एकदम उभा झालेला दिसला, तर दोष लोडचा नसून इंडक्टर सॅच्युरेट होत आहे, म्हणजे त्याचा गाभा चुंबकीय क्षमतेच्या टोकाला पोहोचत आहे. ही तपासणी मी रेझिस्टरवरच करतो, कारण तेव्हा स्कोपवर दिसणारी हालचाल बोर्डची की लोडची, असा संशय उरत नाही.

बजेट एकाच गोष्टीचे असेल आणि वर्षभर निरनिराळी व्होल्टेजेस तपासायची असतील, तर इलेक्ट्रॉनिक लोडला नाही म्हणणे कठीण आहे. मात्र घेताना कमाल वॅटेजच्या आधी, ठरावीक व्होल्टेजनंतर सुरू होण्याची सोय आहे का, आणि कमी व्होल्टेजला तो पूर्ण करंट किती व्होल्टपर्यंत ओढू शकतो, हे दोन मुद्दे विक्रेत्याला अवश्य विचारावेत. काम एका-दोन बोर्डांपुरतेच असेल, तर तीन रेझिस्टर, एक हीटसिंक आणि तीन स्विच यांवर भागते.