पैठणी-हिमरूच्या नक्ष्या आरवीव्हवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पैठण आणि छत्रपती संभाजीनगरच्या मागांवरच्या पैठणी-हिमरू नक्ष्यांचे फोटो, त्यांची माहिती आणि त्यावर काढलेल्या एनएफटींच्या (ब्लॉकचेनवर मालकी नोंदवणाऱ्या टोकनच्या) फायली आरवीव्ह या कायमच्या साठवणुकीच्या जाळ्यावर ठेवायला लागून आता काही महिने झाले. निकाल आधीच सांगायचा तर, नीट चढलेली एकही फाइल आजवर हललेली नाही आणि तिच्यासाठी दरमहा बिलही येत नाही. जो काही ताप आहे तो चढवण्याआधीचा. इथं खोडरबर नाही, त्यामुळे चुकीचं चढलं की तेही तितकंच कायमचं राहतं.

आयपीएफएस या फायली वाटून ठेवणाऱ्या जाळ्यावर टाकलं म्हणजे कायमचं झालं, असं बरेच जण अजून धरून चालतात. आयपीएफएस फाइलला तिच्या मजकुरावरून पत्ता देतं, ती सांभाळायची जबाबदारी घेत नाही. कुणीतरी ती पिन करून, म्हणजे आपल्या संगणकावर राखून, ठेवली असेल तोवरच ती मिळते. पिनिंगचे पैसे थकले की नोडच्या (फाइल ठेवणाऱ्या संगणकाच्या) साफसफाईत ती उडते आणि टोकनमध्ये नुसता पत्ता उरतो. एनएफटी-डॉट-स्टोरेज या मोफत सेवेवर कितीतरी लोक विसंबून होते. तिनं 30 जून 2024 ला जुन्या पद्धतीचे नवे अपलोड बंद केले. 2018 मध्ये सुरू झालेल्या आरवीव्हमध्ये पैसे एकदाच भरायचे. त्यातला मोठा हिस्सा ठेव म्हणून बाजूला राहतो आणि फाइल सांभाळणाऱ्या मायनरांना पुढं त्यातून मोबदला मिळतो. साठवणुकीचा खर्च वर्षाला निदान 0.5 टक्के उतरेल असं धरून ही ठेव किमान 200 वर्षांसाठी आखलेली आहे. आजवर हा खर्च त्याहून बराच वेगानं उतरला आहे, म्हणून हा हिशेब आम्हाला पटतो.

थेट आरवीव्हवर एकेक व्यवहार करत बसू नका. शेकडो छोट्या फायली एकत्र बांधून चढवणारी टर्बोसारखी सेवा वापरा. टर्बोचं क्रेडिट कार्डानं विकत घेता येतं, त्यामुळे त्यासाठी एआर टोकन, म्हणजे आरवीव्हचं चलन, घेऊन ठेवायची गरज पडत नाही. शिवाय आम्ही वापरलं त्या काळात 100 किलोबाइटच्या आतल्या फायली फुकट चढत होत्या, म्हणजे मेटाडेटा (टोकनच्या माहितीच्या फायली) जवळपास बिनखर्चाचा. जुने व्हिडिओ बघून आयरिसकडे वळू नका. पूर्वी ‘बंडलर’ नावानं चालणारी ही सेवा आता स्वतःच्या वेगळ्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) गेली आहे.

क्रम कधीही बदलायचा नाही. आधी चित्रं चढवायची, मिळालेले पत्ते जेसनच्या (प्रत्येक टोकनची माहिती लिहिलेल्या फाइलच्या) ‘इमेज’ रकान्यात भरायचे, मग जेसन चढवायच्या आणि सगळ्यात शेवटी करारात (टोकन काढणाऱ्या साखळीवरच्या कोडमध्ये) टोकन-यूआरआय, म्हणजे जेसनचा पत्ता, घालायचा. आरवीव्हचा पत्ता 43 अक्षरांचा असतो आणि तो फाइलच्या मजकुरावरून न बनता व्यवहारावरच्या डिजिटल सहीवरून बनतो. म्हणून तीच फाइल दोनदा चढवली तर दोन पत्ते मिळतात आणि पैसेही दोनदा जातात.

अख्खं फोल्डर चढवलं की सोबत मॅनिफेस्ट तयार होतं, म्हणजे कोणत्या नावामागं कोणता पत्ता याची यादी. इथं इथेरियम साखळीवर टोकन काढणाऱ्यांची एक चूक इतकी नेहमीची आहे की ती सविस्तर सांगायला हवी. ओपनझेपेलिन या तयार कोडच्या संग्रहातला साधा ईआरसी-721 नमुन्याचा करार बेस-यूआरआयला (पत्त्याच्या सगळ्या टोकनना समान असलेल्या भागाला) टोकनचा आकडा नुसता चिकटवतो. बेस-यूआरआयच्या शेवटी तिरकी रेघ विसरली तर पत्ता आणि टोकनचा आकडा, समजा 7, एकमेकांना चिकटतात आणि पान सापडत नाही. रेघ आहे, पण फाइलच्या नावापुढं ‘डॉट-जेसन’ हे शेपूट आहे, तरीही सापडत नाही, कारण करार ते शेपूट लावत नाही. मॅनिफेस्टमध्ये नुसत्या ‘7’ या नावानं जेसनची नोंद करा, काम भागतं. ईआरसी-1155 या दुसऱ्या नमुन्यात टोकनचा आकडा सोळामान पद्धतीत (0 ते 9 आणि पुढं ए ते एफ), छोट्या इंग्रजी लिपीत आणि 64 अंकी लागतो. दहाव्या टोकनच्या फाइलचं नाव म्हणजे 63 शून्यं आणि शेवटी इंग्रजी ‘ए’. सोलाना या साखळीवर एनएफटी काढायची मेटाप्लेक्सची हत्यारं वापरायची तर फायली 0 पासून सुरू करा, मध्ये आकडा सोडू नका.

आता फोटो. पैठणीच्या पदराचा फोटो मऊ उजेडात, खिडकीशी तिरका धरून काढला तरच जर आणि रेशीम वेगळं दिसतं. कॅमेऱ्यात तो अ‍ॅडोबी आरजीबी रंगपटावर असेल तर आधी वेबवर नेहमी चालणाऱ्या एसआरजीबीत बदला. मोबाइलच्या फोटोत जीपीएसचे आकडे दडलेले असतात. विणकराच्या घराचा ठिकाणा असा जगासमोर कायमचा टाकायचा नसेल तर एक्झिफटूल या प्रोग्रॅमनं सगळी दडलेली माहिती पुसा. मात्र ‘सगळं पुसा’ म्हटलं की त्यात रंगांचं प्रोफाइलही जातं. एसआरजीबीत न बदललेला फोटो मग ब्राउझरमध्ये फिकट दिसतो आणि राणी रंगाचा काठ विटल्यासारखा वाटतो. आणखी एक, एक्झिफटूल मूळ फाइलची प्रत ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून त्याच फोल्डरात ठेवतं. फोल्डर तसंच चढवलं तर जीपीएससकट मूळ फोटोही वर जातात. चढवण्याआधी लपलेल्या फायली दाखवायला लावून फोल्डर डोळ्यांनी तपासा. विंडोज आणि मॅक आपापल्या फायली गुपचूप त्यात टाकतात, त्याही काढा. पैसे बाइटवर लागतात, म्हणून 20 एमबीची टिफ घरी ठेवून 2 एमबीची जेपेग चढवणं बहुतेक कामांना पुरतं.

देवनागरीची बाजू कुणी नीट सांगत नाही, आणि आपल्याकडं खरी अडचण तिथंच येते. जेसनमधल्या रकान्यांची नावं इंग्रजी लिपीतच हवीत, आतला मजकूर मराठीत खुशाल लिहा. पण सोलानावर साखळीत जाणाऱ्या नावाला 32 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं मोजायचं. ‘हिमरू शाल #12’ हे 29 बाइटमध्ये बसतं. ‘बांगडी मोर पैठणी’ला मात्र 44 लागतात, ते बसत नाही. साखळीवर आखूड नाव ठेवा आणि पूर्ण नाव जेसनमध्ये लिहा.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवायचा मोह टाळा. पत्त्यात आलं की प्रत्येक चिन्हाची 9 अक्षरं होतात. ‘पैठणी-बांगडी-मोर-पदर’ एवढ्या नावाची जेसन आरवीव्ह-डॉट-नेटच्या पूर्ण पत्त्यासकट 225 अक्षरांवर जाते आणि मेटाप्लेक्सची मर्यादा 200 आहे. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं, एकसंध किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण मॅनिफेस्टला ती दोन वेगळी नावं वाटतात. नावात इंग्रजी आकडे ठेवले की ही कटकटच राहत नाही.

नक्ष्यांची वर्णनं पुष्कळदा डीटीपीवाल्याकडून टाइप होऊन येतात. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर ‘अशावली’सारख्या नक्षीच्या नावाच्या जागी कायमचा कचरा जाईल. एक्सेलमधून काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. मात्र यूटीएफ-8 निवडल्यावर एक्सेल फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण टाकतं. ती जेसनमध्ये उतरली तर काही बाजारपेठांना ती जेसन वाचताच येत नाही. शेवटची नजर विणकाम जाणणाऱ्या माणसाची हवी. मुनिया (पोपटाची नक्षी) आणि मोर यांतला फरक कोणतंही सॉफ्टवेअर पकडत नाही.

प्रत्यक्ष चढवण्याबद्दल थोडंच. तालुक्याच्या गावी लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपलोडचा वेग तोकडा असतो. पन्नासेक फायलींचे गठ्ठे करा, गठ्ठा चढला की फाइल आणि पत्ता अशी नोंद लगेच उतरवा. अर्ध्यात तुटलं तर नोंदीत नसलेल्याच फायली पुन्हा पाठवा. सगळं फोल्डर परत पाठवलं तर चढलेल्या फायलींचेही पैसे दुसऱ्यांदा जातात. प्रत्येक फाइलला तिच्या प्रकाराचा टॅग आहे ना, हेही बघा. कंटेंट-टाइप हा टॅग चुकला तर चित्र उघडायच्या ऐवजी डाउनलोड होतं, आणि टॅग मागाहून बदलता येत नाही.

चढल्या चढल्या फाइल दिसते ती बऱ्याचदा सेवेच्या स्वतःच्या साठ्यातून. एक्सप्लोररमध्ये (आरवीव्हवरचे व्यवहार शोधायच्या संकेतस्थळावर) ब्लॉकचा क्रमांक दिसेपर्यंत थांबा, मग दोन वेगवेगळ्या गेटवेवरून (आरवीव्हमधल्या फायली ब्राउझरला दाखवणाऱ्या सर्व्हरवरून) फाइल उतरवून तिचा शा-256, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, घरच्या फाइलशी ताडून बघा. ते जुळल्याशिवाय टोकन मिंट करू नका, म्हणजे साखळीवर काढू नका. जेसनमध्ये आरवीव्ह-डॉट-नेटचा पूर्ण पत्ता लिहायचा की ‘एआर’ने सुरू होणारा छोटा, यावर दोन मतं आहेत. पूर्ण पत्ता सगळीकडं उघडतो, पण एका गेटवेच्या नावाला बांधलेला राहतो. छोटा पत्ता कुठल्याही गेटवेवर चालतो, तरी काही पाकिटं (टोकन ठेवायची अ‍ॅप) तो ओळखत नाहीत. आम्ही छोटाच वापरतो. आत 43 अक्षरी ओळख शाबूत असली की फाइल दुसऱ्या गेटवेवरून काढता येते.

विणकराचा चेहरा, घर, पोरंबाळं फोटोत असतील तर चढवण्याआधी लेखी संमती घ्या आणि ‘हे नंतर काढता येणार नाही’ हे मराठीत, समोर बसून सांगा. एखादा गेटवे फाइल दाखवायचं थांबवू शकतो, पण जाळ्यातून ती जात नाही. ज्यांना हे नको असेल त्यांचे फोटो साध्या ड्राइव्हवरच बरे.

कराचंही बघून ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून एनएफटी विक्रीच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएसची तरतूद आहे. चढवण्याचा खर्च या नफ्यातून वजा मिळतो का, हे विक्रीआधीच सीएला विचारा, कारण कायदा खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा करू देत नाही. टोकनसोबत खऱ्या साडीची मालकीही कायदेशीरपणे हस्तांतरित होत असेल तर तो एनएफटी कराच्या कायद्यातल्या ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या व्याख्येबाहेर राहतो, अशी 30 जून 2022 ची अधिसूचना आहे. माग चालवणाऱ्यांनी टोकन काढताना करारनामा त्या हिशेबानं लिहून घ्यावा.