बोटीचा डॅशबोर्ड नवा केला, माझगावच्या सीट कव्हरवाल्याकडून : ५ पैकी ४ स्टार

भावाची फायबरची बोट आहे, वर्सोव्याला असते, अँगलिंगला, म्हणजे हौसेने गळाने मासे पकडायला लोकांना घेऊन जातो. आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर गाडीच्या सीटचं रेक्झिन मारलेलं, ते उन्हाने कडक होऊन मीटरच्या वर आडवं तडकलं आणि त्या भेगेतून पाणी जाऊन जाऊन आतला प्लाय असा झालेला की अंगठ्याने दाबला की आत जायचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पावसात अँगलिंगलाही कोण येतंय, बोट शाकारलेलीच (किनाऱ्यावर झाकून ठेवलेली) असते, म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ.

मटेरियल आधी कुर्ल्याला सीएसटी रोडला बघितलं. तिथे जो तो चकचकीत कार्बन फायबर डिझाईन गळ्यात मारतो. दिसायला भारी आहे पण बोटीत नको, दुपारी अख्खा डॅशबोर्ड समोरच्या काचेत दिसतो आणि पुढचं जाळं, बोया काही नीट कळत नाही. आम्ही काळपट राखाडी मॅट मरीन विनाईल घेतलं, 54 इंच पन्हा, साध्या रेक्झिनच्या दुपटीपेक्षा महाग पडलं. पैसे कशाचे, तर ऊन सोसायचं आणि बुरशी न धरायचं केमिकल त्यात असतं आणि मागचं कापड पॉलिस्टरचं, ते कुजत नाही.

आता कारागीर. बोर्ड सोडवायच्या आधी बॅटरी काढली, प्रत्येक वायरला नंबरची चिकटपट्टी लावून फोटो काढले, ते आमचं आम्हीच केलं, त्याला फक्त सुटा बोर्ड नेऊन दिला. जुना प्लाय फेकायला लावला त्याने आणि नवीन मरीन प्लाय मागवला, आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घ्या म्हणाला. कापलेल्या कडांना आणि भोकांना आतून इपॉक्सी लावली, कारण पाणी तिथूनच शिरतं.

खरी मजा चिकटवताना. फेविकॉल एसआर 998 दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं, हे सगळ्यांनाच माहितीये. पण पावसात हवेतला ओलावा त्या थरावर बसतो, वर पांढुरकी साय येते आणि मग पकड गेली. म्हणून हा बाबा दोन दिवस थांबला, आम्ही फोनवर फोन करतोय आणि हा म्हणतो ऊन पडू दे. शेवटी हॅलोजन लावून केलं. मीटरवरचा जो छज्जा असतो त्याच्या खाली खोलगट भाग आहे, तिथे त्याने विनाईल आधी खोलगट जागेत दाबून बसवलं आणि मग हीट गनने गरम करत बाहेर ओढत नेलं. उलटं केलं की खोलगट जागेत ते अधांतरी राहतं आणि उन्हात फुगून सुटतं. मीटरच्या भोकांना पण गोल कापून टाकलं नाही, पिझ्झासारखे काप देऊन ती टोकं आत दुमडून चिकटवली. एक सुरकुती शोधून दाखवा म्हणतो मी.

खाली फोम टाकून वर शिलाई मारू का, गाडीसारखा लूक येईल, असं विचारत होता. नाही म्हटलं. सुईच्या भोकातून पाणी जाणार आणि साधा फोम ते पिऊन बसणार.

एक स्टार कापला तो पिनांचा. मागच्या बाजूला साध्या लोखंडी स्टेपल मारल्या होत्या, खाऱ्या हवेत त्या किती टिकणार! बोललो तर भांडला नाही, सगळ्या उपटल्या, पण स्टेनलेसच्या पिना आणायला नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मलाच पाठवलं. स्क्रू आम्ही 316 स्टीलचे (खारं पाणी सोसणारं स्टेनलेस) लावले आणि होकायंत्राच्या आजूबाजूला पितळेचे, काटा उगाच भरकटायला नको. एका स्विचचं भोक जरा मोठं कापलं गेलंय, तिथे काळं सिलिकॉन भरलंय, सांगितल्याशिवाय दिसत नाही.

ऑक्टोबरचं ऊन खाऊन झालं, कुठलीही कड उचललेली नाही. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, ते गाडीचं चमकवायचं पॉलिश लावू नका, परत काचेत चकाकी सुरू. मजुरी घासाघीस करून पण कमी झाली नाही, मात्र कामाच्या मानाने ठीक वाटली. पुढच्या सीझनला सीट्स पण त्याच्याकडेच टाकणार आहोत, पिना मात्र आधीच नेऊन देईन.