सैल हात आणि बेताची मिळकत: वही, पाकिटं, आपोआप बचत की कुलूप?

मिळकत बेताची आणि हात सैल, ही जोडी फार छळते. पैसा भरपूर असेल तर सैल हातही निभावून जातो, आणि हात आखडता असेल तर थोडक्यातही भागतं. दोन्ही अडचणी एकाच घरात आल्या की विसाव्या तारखेनंतर उसनवारी सुरू होते. अशा माणसाला साधारण चार वाटा सांगितल्या जातात: खर्चाची वही, रोख पैशांची पाकिटं, आपोआप होणारी बचत आणि मुदत संपेपर्यंत हात न लावता येणारं खातं. मी चारही करून पाहिल्या आहेत. कोणती निवडावी हे ठरवताना मला एकच प्रश्न उपयोगी पडला: ही पद्धत महिन्यातून किती वेळा माझ्याकडे संयम मागणार आहे? कारण नेमका तोच आपल्याकडे कमी असतो.

वही सगळ्यात जुनी. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली, ती ‘काकेबो’ म्हणून आजही वापरली जाते. पैसे किती आले, किती मागे टाकायचे आहेत, कुठे गेले आणि पुढच्या महिन्यात काय बदलायचं, एवढंच ती विचारते. गळती कुठे आहे हे वहीइतकं स्पष्ट दुसरं काहीच दाखवत नाही. पण वहीत नोंद होते ती खर्च झाल्यावर. शिवाय ज्या दिवशी हात सुटतो, त्याच दिवशी ती उघडायची इच्छा नसते. माझ्या एका वहीत ११ तारखेपर्यंत रोजच्या ओळी आहेत, अगदी सुट्ट्या पैशांसकट. १२ तारखेला एक मोठी खरेदी झाली आणि पुढची पानं कोरी राहिली. तेव्हा वही एक महिना, दुखणं ओळखण्यापुरती ठेवावी. तिच्या जोरावर पैसे साठतील अशी आशा धरू नये.

पाकिटांचा परिणाम मात्र जागच्या जागी होतो. नोट हातातून जाताना जे टोचतं, ते कार्ड टेकवताना किंवा फोनवरून पैसे भरताना टोचत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव ठेवला. क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकिटं तीच, फरक फक्त पैसे कसे द्यायचे एवढाच.

मात्र सगळ्याच खर्चाची पाकिटं करू नका. भाडं, वीज, फी हे बहुधा खात्यातूनच जातं, आणि दहा पाकिटं झाली की एकातलं काढून दुसऱ्यात टाकणं सुरू होतं. वहीत जी एक-दोन खाती फुगलेली दिसली, बाहेरचं खाणं म्हणा किंवा कपडे, तेवढ्यांचीच करा. आणि ती महिन्याची नकोत, आठवड्याची हवीत. महिन्याचं पाकीट पहिल्या दहा दिवसांत संपतं. आठवड्याच्या पाकिटात गुरुवारी एकच नोट उरलेली दिसली की शुक्रवार, शनिवार आपोआप सावधपणे जातात, आणि चुकलं तरी चूक आठवड्यापुरतीच राहते.

आपोआप बचतीला मी सगळ्यात वरचा मान देते. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल, अशी सूचना बँकेत एकदाच देऊन ठेवायची. संयम एकदाच लागतो, तोही पैसे हातात येण्याआधी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीतल्या कामगारांकडून याच्या पुढची पायरी करून घेतली: पुढे पगारवाढ झाली की त्यातला काही भाग बचतीत जाईल, हे आधीच कबूल करून घ्यायचं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारी रक्कम कुठेच कमी झाली नाही, म्हणून ते जाचलं नाही.

धोका एकच आहे, उत्साहाच्या भरात मोठी रक्कम लावण्याचा. मग महिनाअखेरीस तीच परत काढावी लागते, किंवा खातं रिकामं राहून बँकेचा दंड बसतो. शंभरातले तीन-चार बाजूला काढून सुरुवात करा. मिळकत अनियमित असेल तर तारीख बांधू नका. पैसे येतील तेव्हा त्याच दिवशी तेवढाच हिस्सा काढा.

कुलूपबंद खात्याचीही ताकद मोठी आहे. फिलिपिन्समधल्या एका बँकेने ग्राहकांना असं खातं देऊ केलं: स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, आणि त्याबद्दल जास्तीचं व्याजही नाही. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, ज्यांना हे खातं देऊ केलं होतं त्यांची शिल्लक वर्षभरात बाकीच्यांच्या तुलनेत सरासरी ८१ टक्क्यांनी जास्त वाढली. पण बेताच्या मिळकतीत हे पहिलं पाऊल ठेवू नका. सगळे पैसे कुलपात आणि मध्येच आजारपण, अशा वेळी चढ्या व्याजाने कर्ज काढावं लागतं आणि वर्षाची बचत त्यात जाते. आधी किमान एका महिन्याच्या खर्चाची बेगमी मोकळ्या खात्यात होऊ द्या. चढ्या व्याजाचं कर्ज आधीच असेल, तर थोडी बेगमी होताच उरलेले पैसे ते फेडायला लावा.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या महिन्यात वही आणि अगदी लहान आपोआप बचत एकत्र सुरू करा. दुसऱ्या महिन्यापासून वही बंद करून फुगलेल्या खर्चाची आठवड्याची पाकिटं लावा. बचतीचं खातं शक्यतो दुसऱ्या बँकेत ठेवा, त्याचं कार्ड घेऊ नका आणि ते फोनवरही जोडू नका. तीन महिने त्यातले पैसे काढावे लागले नाहीत, तर रक्कम थोडी वाढवा. काढावे लागले, तर ती निम्मी करा, पण सूचना चालूच राहू द्या.