चेकरिंगची घोडी: दिवाळी ते उन्हाळा वापरल्यावर

चेकरिंग म्हणजे बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर पकडीसाठी एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरणं; ते करताना दस्ता दोन टोकांना धरून फिरवता यावा म्हणून ही घोडी. पहिलं सांगतो, घोडी टिकली आणि कामाची आहे. दिवाळीपासून तिच्यावर शिसमचे आणि अक्रोडाचे दस्ते झाले, सगळे एअर रायफलचे. खर्च हजाराच्या आत. पण ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणून जेवढं केलं होतं, त्यातल्या निम्म्याला मी आता हातही लावत नाही.

चेकरिंगमध्ये हात सरळ चालतो, फिरायचं ते दस्त्याने. वाइसमध्ये (शिकंज्यात) धरलात तर चार रेघा झाल्या की सोडा, फिरवा, आवळा. त्यात कटर जरा कलला की खाचेची एक भिंत उभी, दुसरी बसकी, आणि रेघांमधल्या बारीक चौकटीला टोकच येत नाही.

घोडीच्या आडव्या दांड्याला अक्कलकोट रोडच्या भंगारातला दोन इंची चौकोनी पाइप घेतला. एक खांब वेल्ड केलेला, दुसरा सरकता. सरकत्याला दोन बोल्ट द्या, एकावर तो मान टाकतो. खांबांची उंची बदलायला लांबट खाचा पाडून घेतल्या होत्या; बसल्यावर कोपराच्या उंचीला एकदा लावल्या, त्यानंतर त्या तशाच आहेत. वेल्डरचे पैसे तेवढे गेले.

खरी करामत मागच्या पट्टीत आहे. दस्त्याचं रबरी पॅड काढायचं आणि त्याच्याच स्क्रूच्या भोकांत तीन मिलीमीटरची लोखंडी पट्टी बसवायची. पट्टीवर वरून खाली ओळीने पंचच्या खुणा. मागच्या खांबाचा टोकदार बोल्ट वरच्या खुणेत घातला की पुढचा भाग सरळ फिरतो. खालच्या खुणेत घातला की आस मुठीच्या जवळ येते आणि मूठ कटरखालून पळत नाही. वीस रुपयांच्या पट्टीत एवढं होतं.

पुढे नळीच्या खाचेत एक पट्टी, अ‍ॅक्शनच्या (बंदुकीच्या लोखंडी यंत्रणेच्या) स्क्रूच्या भोकातून आवळलेली. तिच्या टोकाचा १२ मिलीमीटरचा बोल्ट पुढच्या खांबातल्या १४ च्या भोकातून जातो, खांबाच्या दोन्ही बाजूंना चामड्याचे वॉशर. नट असा आवळायचा की दस्ता हाताने फिरावा, पण सोडल्यावर जड बाजूला पडू नये. चामडं चांभाराकडून आणलेलं. जवसाचं तेल लागून ते गुळगुळीत होतं, मग पकड जाते. बदलत राहावं लागतं. नळीच्या खाचेतली पट्टी आधी सागाची होती. एप्रिलच्या उन्हात ती आटून ढिली झाली. काही दिवस टर्किश टॉवेलची चिंधी कोंबून भागवलं, आता अ‍ॅल्युमिनियमची आहे.

शिसमवर इंचाला १८ रेघांच्या पुढे मी जात नाही. छिद्रं मोठी, टोकं उडतात. अक्रोडावर २२ निघतात. दिवा डोक्यावर नको, बाजूने आणि खाली लावा, खाच कुठे उथळ राहिली आहे ते लगेच दिसतं.

पाइप साडेतीन फूट घ्या. माझा तीन फुटी आहे, पूर्ण लांबीचा दस्ता लावला की पुढच्या नटाला पाना फिरवायला जागाच उरत नाही.