रक्तातल्या अँटिबॉडी की पाठीतलं पाणी?

घरातलं माणूस एकाएकी बदललं, भास व्हायला लागले, तर "विषाणूमुळे तर नसेल?" ही शंका रास्तच आहे. पण त्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या दोन तपासण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी सोपी. रिपोर्टवर 'हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह' दिसलं की घरच्यांना वाटतं, सापडलं कारण! पण आयजीजी ही अँटिबॉडी सांगते एवढंच, की हा विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ साली जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६७ टक्के लोकांना हर्पीसच्या पहिल्या प्रकाराचा संसर्ग झालेला होता. या आजारात मेंदूत काय चाललंय, हे त्यातून कळत नाही. वर्षानुवर्षांच्या नैराश्यासाठी अशा अँटिबॉडी-तपासण्यांचं पॅनेल करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एचआयव्हीची गोष्ट वेगळी. ती तपासणी रक्तातूनच होते आणि पॉझिटिव्ह आली तर पुढचे उपचार ठरतात.

पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी विषाणूचा अंश थेट मेंदूभोवतीच्या द्रवात शोधते. ताप, फिट, झापड, बोलण्यात गोंधळ किंवा दोन-चार दिवसांत पार बदललेलं वागणं, यातलं काही असेल तर हीच हवी, सोबत एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख). हर्पीसमुळे मेंदूला आलेली सूज उपचाराविना राहिली तर दहातले सातजण दगावतात. म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात.

"पाणी काढलं की माणूस अधू होतो" ही भीती मी फार ऐकली आहे. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, कमरेची जागा बधिर करतात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते. थेंब-थेंब पाणी नळ्यांत जमतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, हे मात्र खरं.

अगदी सुरुवातीला केलेली पीसीआर कधी कधी खोटी निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. मेंदूच्या सुजेचा आणखी एक आजार आहे, त्यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूच्या पेशींवरच्या 'एनएमडीए रिसेप्टर'वर हल्ला करतात. त्या अँटिबॉडीही पाठीतल्या पाण्यातच जास्त खात्रीने सापडतात. तो आजार विषाणूचा नाही, पण हर्पीसच्या सुजेनंतर उद्भवू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा पाणी काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "यातलं थोडं त्या तपासणीसाठी ठेवाल का?"