फॅक्टर की एमिसिझुमॅब? आमच्याकडे शिरांनी ठरवलं

गोव्यातल्या साखळीच्या एका ओळखीच्या जोडप्याने परवा विचारलं, पोराला फॅक्टर द्यावा की एमिसिझुमॅब, म्हणून लिहितोय. त्यांचं पोर आत्ता कुठे चालायला लागलंय, हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ अंगात जवळजवळ नाहीच. आमच्या पोरालाही तेच, आणि आम्ही फॅक्टर आठचं इंजेक्शन आणि एमिसिझुमॅब हे ब्लीड टाळायचं दुसरं औषध, दोन्ही वापरलंय, तेव्हा हे आपलं घरचं मत, निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

फॅक्टर आठला नावं ठेवणार नाही. गुडघा सुजायला लागला, फॅक्टर दिला आणि पोर शांत झोपलं, हे कितीदा तरी बघितलंय. दात काढायचा असो, ऑपरेशन असो, मोठा मार असो, शेवटी फॅक्टरच लागतो, एमिसिझुमॅबवर गेलात तरी तो हाताशी ठेवावाच लागतो. फक्त तो टिकत नाही, बारा तासांत निम्मा संपतो, लहान मुलांत त्याहून लवकर, म्हणून ब्लीड (रक्तस्राव) टाळायला द्यायचा तर आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून.

आणि आमचं घोडं तिथेच अडलं. पोराचा हात गुबगुबीत, मनगटाशी एक निळी रेघ दिसायची ती सुई टेकली की सरकायची. बायकोने हात धरलेला, मी मोबाईलचा टॉर्च मारतोय, नर्सबाई बटरफ्लाय सुई घेऊन आधी हाताला मग पायाला शोधतेय, औषध कालवून सिरिंजमध्ये तयार, आणि शीर फुटली की तिथेच काळंनिळं, म्हणजे ब्लीड टाळायला गेलो आणि आपणच एक करून ठेवलं! पुढे पुढे स्पिरिटचा वास आला तरी पोर किंचाळायचं. पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली कायमची बसवलेली डबी) बसवतात काहीजण, पण इन्फेक्शनच्या भीतीने आम्ही धजलो नाही.

एमिसिझुमॅब कातडीखाली, मांडीत नाहीतर पोटावर. शीर शोधायची भानगडच नाही. ही अँटिबॉडी, फॅक्टर नऊ आणि दहा यांना जवळ आणायचं आठचं काम हीच करते, त्यामुळे इन्हिबिटर झालेल्यांनाही, म्हणजे ज्यांचं शरीर दिलेला फॅक्टर आठ निकामी करतं त्यांनाही, चालते. निम्मी संपायलाच जवळपास महिना लागतो, म्हणून पहिले चार आठवडे दर आठवड्याला लोडिंग (अंगात साठा व्हायला सुरुवातीचे डोस), नंतर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी. 2018 मध्ये आलेल्या हेवन 3 या एमिसिझुमॅबच्या ट्रायलमध्ये आधी नियमित फॅक्टर घेणाऱ्यांचे ब्लीड 68 टक्क्यांनी कमी झाले होते. आम्ही काही मोजत बसलो नाही, पण आता चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधताना हा मोठ्यांच्या पायांत घुटमळतो, आपटतो, उठतो, आणि आम्ही नुसतं बघतो.

तोटे आहेतच. हिमोफिलिया बी असेल तर उपयोग शून्य. इन्हिबिटरवाल्यांनी फायबासोबत (त्यांचं ब्लीड थांबवायला देतात ते औषध) फार जपायचं, जास्त डोस झाला तर गुठळ्या होऊ शकतात. ही चालू असताना एपीटीटी ही रक्त गोठण्याची टेस्ट नॉर्मल दाखवते आणि नवीन डॉक्टर फसू शकतो, म्हणून आम्ही पोराच्या दप्तरात तसं लिहिलेलं कार्ड ठेवलंय. पावसात लाईट जाते तेव्हा फ्रीजचा घोर असतोच, तरी एमिसिझुमॅबची न उघडलेली बाटली बाहेर तीस डिग्रीच्या आत एकूण सात दिवस चालते. खर्चाचं काय, ज्याचं गणित त्याला माहीत.

कोणीतरी जीन थेरपीचंही विचारेल, म्हणजे शरीरालाच फॅक्टर आठ बनवायला लावणारे उपचार. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलचा त्यावरचा 2024 चा रिपोर्ट खरंच भारी आहे, पण त्यातले पाचही पेशंट मोठी माणसं होती, आपल्या पोरांसाठी अजून वेळ आहे.

तुमच्या पोराची शीर पटकन सापडत असेल आणि टोचणारा हात हलका असेल तर फॅक्टर चालू राहू दे, घाई नको. नसेल तर मात्र पुढच्या व्हिजिटला लोडिंग कधी सुरू करता येईल ते आधी विचारा, बाकीच्या शंका त्यानंतर.