सतरा रिकामी पोती

एप्रिल २०२४ मध्ये घरामागच्या बागेला मी साठ फुटांची भिंत बांधून घेतली. सप्टेंबरात तिला तडे गेले, आणि त्यानंतरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेला कळलं की मी ज्याचे पैसे मोजले त्यातला बराच माल माझ्या दारात कधी आलाच नव्हता.

आम्ही सोलापुरात विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं राहतो. बाग म्हणजे फार काही नाही. एक शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि बायकोची जास्वंद. तारेचं कुंपण होतं, पण शेळ्यांना तार म्हणजे काय! जास्वंदीचे शेंडे दुसऱ्यांदा खाल्ले गेले तेव्हा हिनं सांगून टाकलं, आता भिंतच पाहिजे.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सुताचा माल आला की आधी काटा, मग गोदाम. वजन थोडं कमी भरलं तरी पार्टीला फोन जातो. असा माणूस विटा न मोजता पैसे देतो, हे सांगायला अजून लाज वाटते. तरी सांगतोय, कारण आमच्याच गल्लीत सध्या तीन ठिकाणी पाया खणायचं चाललंय.

मेस्त्री ओळखीतून आला होता. बोलायला गोड. "मालक, तुम्ही फक्त चहा पाजा, बाकी माझ्यावर सोडा." त्यानं पावलांनी जागा मापली, डायरीचं पान फाडलं आणि दहा मिनिटांत अंदाज हातात ठेवला. भिंत ६० बाय ५. विटा ३,०००, आठ रुपयांनी. सिमेंट ४५ पोती, ३७० नं. वाळू ४ ब्रास, साडेसहा हजारानं. खडी ३,५००, दगड ९,०००, मजुरी ३६,०००. एकूण १,१५,१५०. "वरचे दीडशे सोडा, मालक."

मी कॅल्क्युलेटर काढला. गुणाकार तपासले, बेरीज तपासली. एका रुपयाची चूक नव्हती. माझं तपासणं तिथंच संपलं. तीन हजार हा आकडा कुठून आला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

त्या चिठ्ठीत दोन गोष्टी नव्हत्या: भिंतीची जाडी आणि पायाची खोली. जाडी तो तोंडी म्हणाला, "नऊ इंची घेऊ, मालक, एकदम दणकट." पायाचं नावही निघालं नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर घेतलं तर सिमेंटला २८ टक्के जीएसटी बसतो, उगाच कशाला?" तेव्हा २८ टक्के होता खरा, सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ झाला. पण पोत्यावर छापलेल्या किमतीत कर धरलेलाच असतो. बिल न घेऊन माझा एक पैसा वाचला नाही, फक्त किती पोती आली याचा कागद गेला.

काम अकरा दिवस चाललं. मी सकाळी साडेआठला घर सोडायचो, हिची दिवसभर नजर असायची. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री जेवताना म्हणाली, "विटांची ट्रॉली एकच आलीय हो. वाळूच्याही दोनच खेपा झाल्या." दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीला विचारलं. तो हसून म्हणाला, "वहिनी दुपारी झोपतात ना, तेव्हाच माल येतो." आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ही दुपारी झोपत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी मी त्याचं ऐकलं. पैशांची फसवणूक एकवेळ विसरली जाईल, हे मात्र मला रोज ऐकावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

हिनं एक केलं. सिमेंटची रिकामी पोती एरवी बिगारी उचलून नेतात. "शेणखत भरायला होतील" म्हणून हिनं ती सगळी मागून घेतली आणि जिन्याखाली रचून ठेवली.

भिंत दिसायला देखणी झाली. कडेला जाड पिलर, वर शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना प्लास्टर. पाणी मारायचं काम दोन दिवसांत उरकलं. आपल्याकडं एप्रिलचं ऊन, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून मीही जोर केला नाही. खरं तर निदान सात दिवस भिंत ओली राहायला हवी होती.

पावसाळ्यात मागच्या बाजूची बावीस फूट भिंत बाहेर कलली. मधे वरपासून खालपर्यंत तडा, त्यात बोट जाईल एवढा.

जानेवारीत बार्शीचा भाचा गड्ड्याला आला. सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर असतो. जत्रेतला अक्षता सोहळा बघून घरी आला आणि चहाचा कप हातात घेऊनच मागं गेला. "मामा, भिंत किती इंची?" मी म्हणालो, नऊ. त्यानं तड्यापाशी सुटलेला प्लास्टर काढला. आत विटेची एकच ओळ, चार इंची. कडेचा पिलर नऊ इंची, वरची फरशी नऊ इंची. टोकाकडून बघा नाहीतर वरून बघा, नऊच दिसणार. खिळ्यानं सांधा खरवडला तर सिमेंट-वाळूचा माल रव्यासारखा गळायला लागला.

मग त्यानं ती चिठ्ठी मागितली आणि तिच्याच पाठीवर हिशेब मांडला. आपल्याकडची वीट साधारण नऊ बाय चार बाय तीन इंच. सांध्याचा माल धरला तर चार इंची भिंतीच्या एका चौरस फुटाला साडेचार विटा बसतात, नऊ इंचीला नऊ. भिंत तीनशे चौरस फूट. म्हणजे चार इंचीला १,३५०, नऊ इंचीला २,७००. पिलर आणि तूटफूट धरून माझ्या भिंतीत साडेपंधराशेच्या आसपास विटा आहेत. चिठ्ठी नऊ इंचीची होती, भिंत चार इंचीची. पाचवीतल्या पोरानं केला असता असा हिशेब, आणि मी बेरीज तपासत बसलो होतो.

सिमेंटचं तर त्याहून पुढचं निघालं. पाया, जोडकाम, दोन्ही बाजूंचं प्लास्टर, सगळं धरून चार इंचीला वीस पोती लागतात. नऊ इंची असती तरी पंचवीसच्या वर गेली नसती. पंचेचाळीस कशासाठी? भाचा हे बोलतोय तोवर ही उठली, जिन्याखालून पोत्यांची चळत आणून आमच्यापुढं टाकली. मोजली. सतरा. म्हणजे अठ्ठावीस पोत्यांचे पैसे गेलेच, शिवाय जिथं वीस हवी होती तिथंही तीन खाल्ली. सांधे गळतात ते उगाच नाही.

वाळूचं गणित ट्रॉलीत असतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तसल्याच एका ट्रॉलीला भाच्यानं टेप लावला: लांबी नऊ फूट, रुंदी साडेपाच, उंची पावणेदोन. गुणाकार भरतो सत्त्याऐंशीच्या आत, आणि सगळे तिला बिनधास्त एक ब्रास म्हणतात. त्यात वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते, वीस-पंचवीस टक्के जागा नुसती फुगवट्याची. माझ्याकडं दोन खेपा आल्या, पैसे चार ब्रासचे गेले. विटा, सिमेंट, वाळू मिळून न आलेल्या मालाचे साडेछत्तीस हजारांच्या वर होतात. दगड-खडीचा हिशेब आम्ही काढलाच नाही, ऐकवेना.

पण भिंत कलली ती चोरलेल्या विटांमुळं नव्हे, पायामुळं. भाच्यानं टिकाव घेऊन एका जागी उकरलं. दीड फुटावर दगड संपले, खाली काळी मातीच. आपल्याकडची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचं हलकं बांधकाम सोबत हलवते. पाया तिच्यातून खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. आमच्याकडं मुरूम साडेतीन फुटांवर आहे, शोषखड्डा खणला तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलेला. त्यातून ही बागेची भिंत. आतल्या बाजूला रोज पाणी, बाहेर कोरडं, आणि खाली पाणी निघायला एकही भोक ठेवलेलं नाही.

मेस्त्रीला फोन केला. आधी बाहेरगावी होता, मग "काळ्या मातीला मी काय करू, मालक", मग फोन लागेनासा झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. जिल्हा आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. माझ्याकडं कागद म्हणून काय, तर सही नसलेली चिठ्ठी आणि फोनवरून पाठवलेल्या साठ हजारांची नोंद. बाकी रोख. ओळखीच्या वकिलानं ते पाहून नुसती मान हलवली.

कललेली बावीस फूट यंदा पाडून परत बांधली. नवा गवंडी म्हातारा, कमी बोलणारा. जाडी, पायाची खोली आणि मालाचं प्रमाण मी आधी कागदावर लिहून त्याची सही घेतली, तर तो म्हणाला, "बरं केलंत, नंतर वाद नको." विटा उतरल्या तेव्हा त्या पक्क्या आहेत हे दाखवायला त्यानं स्वतःच दोन विटा एकमेकींवर वाजवून दाखवल्या, एक छातीएवढ्या उंचीवरून टाकली. मुरूम लागेपर्यंत खणलं, तेव्हा ही खड्ड्याच्या काठावर उभी होती. मजुरी वेगळी, माल दुकानातून आम्ही आणला, पक्क्या बिलावर. रोज संध्याकाळी रिकामी पोती मोजून ही खडूनं जिन्याच्या भिंतीवर रेघा ओढायची.

एकशे दहा चौरस फुटांना विटा आणल्या १,०५०. चाळीस उरल्या. त्यांचं हिनं जास्वंदीभोवती आळं केलंय.